चारा तोच, मेंढा वेगळा!

हॉस्टेलच्या मेसमधला हा रोजचा सीन. एक जण तीन वेळा भात घेतो, वर शेजाऱ्याच्या वाटीतलं श्रीखंडही संपवतो, तरी काटकुळाच. दुसरा दोन पोळ्यांवर उठतो आणि तरीही दर सेमिस्टरला त्याची जीन्स घट्ट होते. जेवण तेच, टेबल तेच, मग असं का? आपण यावर दोन जोक मारतो आणि लेक्चरला पळतो.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याला हाच प्रश्न आपल्या जनावरांबद्दल पडला. दोन मेंढ्या एकाच कुरणात चरतात. एकीच्या अंगावर भराभर मांस चढतं, दुसरी मात्र चारा खाऊन खाऊन मालकाचा खिसा रिकामा करते. तो जोक मारून पुढे गेला नाही. त्याने आयुष्यभर या एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्याचं नाव रॉबर्ट बेकवेल. आज जगातल्या मोठमोठ्या लॅबमध्ये शास्त्रज्ञ गाई-मेंढ्यांच्या पेशींमधला आरएनए तपासतात, तेव्हा ते एका अर्थाने बेकवेलचाच अर्धवट राहिलेला पेपर सोडवत असतात.

डिश्लीचा मुलगा

बेकवेलचा जन्म १७२५चा. इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यात, लफबरो गावाजवळ डिश्ली ग्रेंज नावाची शेती होती. साधारण ४४० एकरांची. ऐकायला मोठी वाटते, पण जमीन बेकवेल कुटुंबाच्या मालकीची नव्हती. ते कूळ होते. जमीनदाराला खंड द्यायचा आणि उरेल त्यावर घर चालवायचं.

तरुण वयात बेकवेलने एक शहाणपणाची गोष्ट केली. घरची शेती अंगावर पडायच्या आधी तो फिरला. इंग्लंडचे वेगवेगळे भाग आणि युरोपातलीही काही शेती त्याने पाहिली. कोण कुठलं गवत लावतं, कोण जनावरं कशी बांधतं, कुणाची गाय कशी दिसते, हे सगळं डोळ्यांत साठवून तो परत आला. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने कॉलेजऐवजी फील्डवर्क केलं. १७६०च्या सुमारास डिश्लीचा कारभार त्याच्या हातात आला, तेव्हा काय करायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

तो काळ समजून घ्यायला हवा. शहरं वाढत होती, कारखाने उभे राहत होते. शहरातल्या माणसाकडे जमीन नव्हती, पण पोट होतं. त्याला मांस हवं होतं, तेही परवडणारं. इकडे गावात मेंढी पाळली जायची मुख्यतः लोकरीसाठी आणि बैल नांगरासाठी. जनावर म्हातारं झालं, कामातून गेलं की खाटकाकडे. मांस हा वरकड फायदा होता. त्यातून गावाची जनावरं सामाईक कुरणात एकत्र चरायची. कुठल्या मेंढीला कुठल्या मेंढ्यापासून कोकरू झालं, याचा हिशेब कोण ठेवणार?

बेकवेलने आधी कुंपण घातलं. नर वेगळे, माद्या वेगळ्या. कुणाची जोडी कुणाशी लावायची हे तो ठरवणार. आज हे अगदीच साधं वाटतं, पण पुढचं सगळं याच कुंपणावर उभं राहिलं.

हाडं कोण खातं?

बेकवेलचा हिशेब सरळ होता. जनावर म्हणजे गवताचं पैशात रूपांतर करणारं यंत्र. मग त्यातलं चांगलं यंत्र कुठलं? जे कमी चाऱ्यात जास्त मांस देतं आणि लवकर देतं. आज याला फीड एफिशियन्सी म्हणतात. पशुपालनातला सगळ्यात मोठा खर्च खाद्याचाच असतो, हे आपल्याकडचा कुठलाही दूधवाला तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगेल. बेकवेलने ते ओळखलं आणि त्याच्यावर मोजमाप सुरू केलं.

तो वेगवेगळ्या जातींची जनावरं शेजारी शेजारी ठेवायचा. कुणी किती खाल्लं आणि कुणाचं वजन किती वाढलं, याची तुलना करायचा. मोठं, उंच, धिप्पाड जनावर म्हणजे चांगलं जनावर, ही तेव्हाची समजूत त्याने मोडीत काढली. त्याचं म्हणणं साधं होतं. मोठी हाडं पोसायलाही चारा लागतो, आणि हाडं कुणी विकत घेत नाही. म्हणून त्याला हवी होती बारीक हाडांची, पिंपासारख्या गोल अंगाची, आखूड पायांची मेंढी. ज्या भागातल्या मांसाला बाजारात भाव आहे, त्या भागात भरलेली.

हे नुसत्या नजरेने ठरवलं नाही. जनावर कापल्यावर तो त्याचे सांगाडे जपून ठेवायचा, मांसाचे काही तुकडे मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवायचा. घरातच छोटं म्युझियम. आजोबांच्या हाडाची जाडी किती आणि नातवाच्या हाडाची किती, चरबीचा थर कुठे वाढला, हे शेजारी शेजारी लावून बघता यायचं. डेटा सायन्स हा शब्द जन्मायच्या दोनशे वर्षं आधी हा माणूस बरण्यांमध्ये डेटा साठवत होता.

आणि चारा? कुरणांना पाणी मिळावं म्हणून त्याने शेतात कालवे काढले. त्याच कालव्याच्या पाण्यात तो टर्निपचे कंद सोडून द्यायचा. ते तरंगत तरंगत गोठ्याकडे यायचे आणि वाटेत धुतलेही जायचे. बैलगाडीचा खर्च वाचला!

आणखी एक गोष्ट पाहुण्यांना चकित करायची. डिश्लीची जनावरं शांत होती. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. भला मोठा वळू एक लहान मुलगा बारीकशी छडी घेऊन इकडून तिकडे न्यायचा. शेतीवर लिहिणारा प्रसिद्ध लेखक आर्थर यंग डिश्लीला जाऊन आला होता आणि त्याने हे आवर्जून नोंदवलं. घाबरलेलं, बिथरलेलं जनावर खाल्लेलं अंगी लावत नाही, हे बेकवेलला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं.

मेंढा भाड्याने मिळेल

पैदाशीची त्याची पद्धत मात्र लोकांना धक्का देणारी होती. चांगल्या मेंढ्याची जोडी तो त्याच्याच रक्ताच्या मेंढीशी लावायचा. बाप-लेक, भाऊ-बहीण, सगळं चालायचं. जे गुण हवेत ते पुढच्या पिढीत पक्के व्हावेत, हा त्यामागचा विचार. शेजाऱ्यांना हे निसर्गाच्या विरुद्ध वाटलं. पण काही पिढ्यांत डिश्लीची मेंढी लांबूनही ओळखू येऊ लागली. ती दोन वर्षांत बाजारात जायला तयार व्हायची, इतर मेंढ्यांना त्याहून बराच जास्त वेळ लागायचा. ही न्यू लेस्टर जात.

पुढची आयडिया तर आजच्या स्टार्टअपवाल्यांनाही आवडेल. बेकवेल आपले उत्तम मेंढे विकायचा नाही, हंगामापुरते भाड्याने द्यायचा. सुरुवातीला एका मेंढ्याचं भाडं एक गिनीसुद्धा नव्हतं. पुढे मात्र भाव असे चढले की १७८९च्या एका हंगामात त्याने मेंढ्यांच्या भाड्यातून ३००० गिनी कमावल्याचं त्या काळी लिहिलं गेलं. गिनी म्हणजे एक पौंडाहून थोडी जास्त. शेतमजुराला वर्षभर राबून वीसेक पौंड मिळाले तरी खूप, अशा काळातली ही रक्कम आहे.

पण खरी चलाखी पैशात नव्हती. भाड्याने गेलेल्या मेंढ्यांची कोकरं वेगवेगळ्या शेतांवर, वेगवेगळ्या चाऱ्यावर वाढायची. बेकवेल जाऊन ती बघायचा. ज्या मेंढ्याची कोकरं सगळीकडे चांगली निघाली, तो मेंढा परत आणून स्वतःच्या कळपात वापरायचा. म्हणजे मेंढा कसा दिसतो यापेक्षा त्याची मुलं कशी निघतात यावर परीक्षा, आणि परीक्षेचा खर्च दुसऱ्याचा! मुलांवरून बापाची पारख करायची ही पद्धत आज दुधाळ गाईंच्या वळूंसाठी जगभर वापरतात.

१७८३मध्ये डिश्ली सोसायटी स्थापन झाली. या मेंढ्यांचा व्यवसाय करणाऱ्या मोजक्या लोकांचा हा क्लब. मेंढे कुणाला द्यायचे, कुणाला नाही, याचे कडक नियम. बेकवेल गुपितं जपण्यात पटाईत होता. खाटकाला विकलेल्या मेंढीपासून कुणी चोरून पैदास करू नये म्हणून तो तिला आधी ओल्या कुरणात चारून यकृताचा रोग लागू द्यायचा, असंही त्याच्याबद्दल सांगितलं जातं. जनावरांशी प्रेमाने वागणारा आणि धंद्यात असा हिशेबी, अशी दोन्ही माणसं एकाच अंगात होती.

घरचा हिशेब चुकला

गंमत बघा. जनावराने खाल्लेल्या प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाचं स्वतःच्या घराचं गणित मात्र बिघडलं. डिश्लीची कीर्ती पसरली तसे पाहुणे येऊ लागले. इंग्रज जमीनदार, फ्रान्सचे सरदारपुत्र, थेट रशियातले लोक. बेकवेलने लग्न केलं नव्हतं. बहीण हॅना घर सांभाळायची. येईल त्याला जेवण, राहायची सोय, घोड्याला दाणावैरण. स्वयंपाकघरात सगळ्यांची पंगत. घरात नियम एवढाच की पाहुणा कितीही मोठा असो, रात्री साडेदहाला मालक पाइप झटकून झोपायला निघणार.

त्यातच नवे प्रयोग, कालवे, गोठे. १७७६मध्ये त्याचं दिवाळं निघालं. लंडनच्या राजपत्रात तशी नोटीस आली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने इथे हार मानली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण मेंढ्यांचं चढतं भाडं, मित्रांची मदत आणि त्याचा हट्ट यांच्या जोरावर तो पुन्हा उभा राहिला. १७८५मध्ये तर त्याचा काळा घोडा लंडनला जाऊन राजा तिसऱ्या जॉर्जला दाखवला गेला.

१ ऑक्टोबर १७९५ला वयाच्या ७०व्या वर्षी बेकवेल गेला. त्याने स्वतः पुस्तक लिहिलं नाही. कुठल्या मेंढीची आई कोण, याच्या त्याच्या नोंदीही आपल्या हाती आलेल्या नाहीत. गुपितं त्याच्याबरोबरच गेली.

जे त्याने मोजलं नाही

आता दुसरी बाजू. बेकवेलच्या टीकाकारांकडे मुद्दे होते. त्याच्या मेंढीचं मांस फारच चरबीचं होतं. कष्टकऱ्याला ते चालायचं, कारण चरबी म्हणजे ताकद. पण खवय्ये नाक मुरडायचे. लोकरीकडे दुर्लक्ष झालं. मेंढ्यांना कोकरं कमी होऊ लागली, दूध घटलं. जवळच्या नात्यातल्या पैदाशीची किंमत हळूहळू दिसू लागली.

त्याच्या लाँगहॉर्न गाईंचं तर जास्तच वाईट झालं. त्यांच्यावर मांस आणि चरबी भरपूर चढली, पण दूध आटलं. डिश्लीला भेट देऊन गेलेल्या चार्ल्स कॉलिंग आणि त्याच्या भावाने बेकवेलची पद्धत उचलली आणि ती शॉर्टहॉर्न गाईंवर वापरली. शॉर्टहॉर्न दूधही द्यायची आणि मांसही. बघता बघता गुरूच्या गाई मागे पडल्या, शिष्यांच्या पुढे गेल्या. लेस्टर मेंढीचं रक्त जगभरच्या कितीतरी जातींमध्ये मिसळलं, पण ती स्वतः आज ब्रिटनमध्ये दुर्मिळ जातींच्या यादीत आहे.

एकच पट्टी घेऊन जनावर मोजलं की असं होतं. पट्टीवर जे नव्हतं ते हातातून निसटलं.

उत्तर लपलं होतं कुठे?

बेकवेलच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनी मेंडेल जन्माला आला. जीन, डीएनए हे शब्दच बेकवेलच्या कानावर पडले नव्हते. डार्विनने १८५९च्या आपल्या ग्रंथात बेकवेलच्या मेंढ्यांचा दाखला दिला. दोन कळप होते, दोन्ही शुद्ध बेकवेलच्या रक्ताचे. पन्नासहून जास्त वर्षं दोन मालकांकडे वेगळे वाढले आणि शेवटी दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतके बदलले. बारीक बारीक फरक साठत जातात, हे डार्विनला त्यातून दाखवायचं होतं. पण ते फरक राहतात कुठे?

अकरावी-बारावीत आपण शिकलो ते आठवा. डीएनए म्हणजे रेसिपींचं जाडजूड पुस्तक. त्यातल्या एका रेसिपीची झेरॉक्स म्हणजे मेसेंजर आरएनए. ती झेरॉक्स पेशीच्या किचनमध्ये जाते आणि प्रोटीन तयार होतं. पण किचनमध्ये असेही काही आरएनए फिरत असतात ज्यांच्यावर कुठलीच प्रोटीनची रेसिपी नसते. हे नॉन-कोडिंग आरएनए. त्यातले मायक्रोआरएनए तर जेमतेम २२ अक्षरांचे. त्यांचं काम सुपरवायझरचं. एखाद्या झेरॉक्सला जाऊन चिकटायचं आणि सांगायचं, हा पदार्थ आज कमी करा. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, ताटात काय पडेल हे बऱ्याच अंशी असे सुपरवायझर ठरवतात. याच मायक्रोआरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४चं नोबेल मिळालं.

आता पुन्हा मेंढ्यांकडे. नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटावरच्या मेंढ्या भरदार स्नायूंसाठी प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या स्थानिक मेंढ्यांचा लिंकन आणि लेस्टर मेंढ्यांशी संकर झाला. म्हणजे यांच्या वंशावळीत डिश्लीचं रक्त आहे. २००६मध्ये बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी या स्नायूंमागचं कोडं उलगडलं. मायोस्टॅटिन नावाचं प्रोटीन स्नायूंच्या वाढीला ब्रेक लावतं. टेक्सेल मेंढीत हे प्रोटीन जसंच्या तसं आहे. रेसिपीत एका अक्षराचाही फरक नाही. फरक आहे रेसिपी संपल्यानंतरच्या मोकळ्या जागेत, फक्त एका अक्षराचा. पण त्या एका अक्षरामुळे स्नायूंमधल्या मायक्रोआरएनएला चिकटायला जागा मिळाली. ब्रेकचं प्रोटीन कमी बनू लागलं आणि स्नायू वाढले. तो बदल कुठल्या पूर्वजाकडून आला हा मुद्दा नाही. मुद्दा हा की बेकवेल डोळ्यांनी जे फरक निवडत होता, तसे फरक अशाही जागी दडलेले असू शकतात.

खाद्याच्या बाबतीत आज शास्त्रज्ञ जवळपास बेकवेलसारखीच तुलना करतात. सारख्याच वेगाने वाढणारी, पण कमी खाणारी जनावरं एका बाजूला, जास्त खाणारी दुसऱ्या बाजूला. मग दोघांचं यकृत, स्नायू आणि कोटीपोट यांच्या पेशींमधले नॉन-कोडिंग आरएनए मोजायचे. फरक सापडतात. चरबी कशी साठवायची, ऊर्जा कशी वापरायची, या कामांशी त्यातल्या अनेकांचा संबंध दिसतो. पण जात बदलली, चारा बदलला, वय बदललं की यादीही बदलते. शिवाय फरक दिसला म्हणजे तोच कारण, असं होत नाही. म्हणून अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही की अमुक आरएनए बघा आणि गाय निवडा.

आणि बेकवेलचा जुना धडाही सुटलेला नाही. १९८३मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात एक मेंढा जन्मला. त्याचा मागचा भाग असा काही भरलेला होता की त्याच्या वंशाला कॅलिपिज, म्हणजे ग्रीकमध्ये सुंदर नितंबांचा, हे नाव मिळालं. हीसुद्धा एकाच अक्षराची करामत. तीही प्रोटीनच्या रेसिपीबाहेरची, नॉन-कोडिंग आरएनएंची गर्दी असलेल्या भागातली. या मेंढ्या कमी चाऱ्यात जास्त मांस देतात. अगदी बेकवेलच्या स्वप्नातली मेंढी! फक्त मांस शिजवलं की ते चिवट लागतं. दोनशे वर्षांनी पुन्हा तेच. पट्टीवर पैकीच्या पैकी मार्क, ताटात नापास.

डिश्लीचं जुनं चर्च आज पडीक आहे. त्याच अवशेषांत बेकवेलची कबर आहे. डिग्री नाही, मायक्रोस्कोप नाही, स्वतःची जमीनसुद्धा नाही, अशा माणसाने तराजू आणि नजर यांच्या जोरावर बरोबर प्रश्न पकडला. उत्तराचे तुकडे आता कुठे आपल्या हाती येत आहेत. बायोटेक, व्हेटर्नरी किंवा ॲग्रीला असलेल्या तुमच्यापैकी कुणीतरी उद्या त्या आरएनएच्या यादीसमोर बसेल. तेव्हा कुठला आकडा सगळ्यात मोठा आहे हे तर बघाच. पण आपण काय मोजायचं विसरलो, हेही एकदा विचारा. बेकवेलच्या लाँगहॉर्न गाईंना हा प्रश्न वेळेवर कुणी विचारला नव्हता.